कलम चौदा : इंधनाचा दाब

३ फेब्रुवारी, सकाळी ६.२०

पत्र आलं. विमान जवळजवळ पास.

'जवळजवळ' हा शब्द पत्रात नाही, पण अर्थ तोच निघतो. इन्स्पेक्टरांनी तपासलेली कलमं एकूण एकतीस. त्यातली तीस बरोबर. राहिलं फक्त कलम चौदा: इंधनाचा दाब दाखवणारा सेन्सर बसवलेला नाही. तो बसवा, ३० मार्चला परत बघायला येतो, असं लिहिलंय.

आठ वर्षं हे विमान मी गॅरेजमध्ये एकट्याने बांधतोय. (पंखांवरचं कापड हिने शिवलं, कारण हिचं पडद्यांचं दुकान आहे. वायरिंगही बरंचसं हिचं. इंजिन ज्यांच्याकडून घेतलं त्यांनीच येऊन बसवलं. बाकी सगळं मी.)

गंमत अशी, की राहिलेलं काम नेमकं दाबाचं. पाणीपुरवठा खात्यात चोवीस वर्षं मी दुसरं काय करतोय? अर्ध्या शहराला तिसऱ्या मजल्यावर नळाला पाणी येतं ते माझ्यामुळे. (चौथ्यावर येत नाही. तो बिल्डरचा दोष.) पेट्रोल काय आणि पाणी काय, पाइपातून जाणारी प्रत्येक गोष्ट मला ओळखते.

काम पंचेचाळीस मिनिटांचं. रविवारी उरकतो.

संकल्प: १. सेन्सर. २. गॅरेजमधलं स्टूल दुरुस्त करणे. डुगडुगतं. ३. गॅरेजमधला बल्ब गेलाय, तो बदलणे. (२ झाल्यावरच.)

४ फेब्रुवारी

सासूबाईंना पत्र वाचून दाखवलं. त्या आमच्याकडेच राहतात. २३ मे रोजी पंच्याहत्तर पूर्ण.

आठ वर्षांपूर्वी, विमान अजून खोक्यात होतं तेव्हा, मी त्यांना शब्द देऊन बसलो की पहिल्या प्रवासी तुम्हीच. विमानाच्या कागदावर शेजारच्या सीटचं वजन भरावं लागतं. तेव्हा त्या अठ्ठावन्न किलो होत्या, मी अठ्ठावन्न भरलं. तेव्हापासून बाई अठ्ठावन्नच आहेत. रोज सकाळी दात घासायच्या आधी काट्यावर उभ्या राहतात. आठ वर्षांत कुणाच्याही वाढदिवसाचा केक त्यांनी एका चमच्याच्या वर खाल्लेला नाही. मी सांगून बघितलं की दोन-तीन किलो इकडेतिकडे चालतात. तर म्हणाल्या, तुम्ही शाईने लिहिलंय ना, मग झालं.

आज म्हणाल्या, जावईबापू, लवकर वर न्या, नाहीतर मी माझी मीच वर जाईन. हे त्या दर महिन्याला म्हणतात. तरी दर वेळी मी गॅरेजमध्ये जाऊन एखादा स्क्रू घट्ट करून येतो.

पास झाल्यावर दहा तास प्रवाशाशिवाय उडवून दाखवायचं, मग त्या बसू शकतात. वेळ मुबलक आहे.

७ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ९.००

खोकं उघडलं. सेन्सर पितळी, अंगठ्याएवढा. मागे एकच वायर. सोबत एक लहान पुडी आणि बावीस पानी माहितीपुस्तक. पुस्तक आणि पुडी बाजूला ठेवली.

याचं काम सोपं. पंप टाकीतून पेट्रोल ओढतो आणि इंजिनाकडे ढकलतो. ते किती जोरात चाललंय हे सेन्सर आपल्यासमोरच्या स्क्रीनला सांगतो. आकडा तीन ते सहाच्या मध्ये असला की हिरवा. खाली गेला की लाल. आकाशात असताना लाल झाला तर काय करायचं, ते पुस्तकात असेलच.

९.४०

सेन्सरच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली. आपली नळाची. चोवीस वर्षांत टेपशिवाय मी एक जोड केलेला नाही. तीन वेढे, शेवटी अंगठ्याने दाबून गुळगुळीत. हात आपोआप चालतात. बघणाऱ्याला बरं वाटावं असं काम. बघायला कुणी नव्हतं.

ही बाहेर पडद्यांचे हेम दुमडत बसली होती. म्हणाली, पान सहावर ठळक अक्षरांत काहीतरी आहे, वाचून दाखवू का. मी म्हटलं, पुस्तकं नवख्यांसाठी असतात.

११.३०

पंप चालू केला. आकडा आला: ४.५. गेला. आला. गेला. सरकारी कचेरीतल्या साहेबासारखा, आहेत म्हणेपर्यंत नाहीत.

निदान: जोड सैल. वेढे कमी पडले.

बल्ब नसल्याने अंधारात काम करावं लागतंय, त्याचाही परिणाम. हिला म्हटलं, तेवढा बल्ब बदलून टाक. तर विचारते, तुम्ही का नाही बदलत. मी स्टुलाकडे बोट दाखवलं. ते डुगडुगतं. उंचीचा प्रश्नच नाही.

१० फेब्रुवारी

सात वेढे. आकडा आता क्वचितच येतो. म्हणजे येरझाऱ्या कमी झाल्या. प्रगती.

१४ फेब्रुवारी, रविवार

अकरा वेढे. आकडा एकदम स्थिर. शून्यावर आहे, पण स्थिर आहे. चळणारं शून्य आणि टिकणारं शून्य यात फार फरक असतो.

सासूबाईंनी दारातून विचारलं, शून्य म्हणजे चांगलं की वाईट. मी म्हटलं, सुरुवात आहे. त्यांनी मान डोलावली आणि अठ्ठावन्न म्हणून गेल्या. हल्ली त्या मला भेटल्यावर वजनच सांगतात.

२१ फेब्रुवारी, रविवार

मोठी सुधारणा. सेन्सर थेट इंजिनावर न ठेवता, इंजिन आणि आपले पाय यांच्या मध्ये जो पत्रा असतो त्याच्यावर एका धातूच्या ठोकळ्यात बसवला. इंजिन ते ठोकळा लवचीक नळी. कारण इंजिन थरथरतं, आणि त्या थरथरण्याने पितळी मान एखाद्या दिवशी मोडायची. हे मला आज सकाळी चहा घेताना सुचलं. ही तेव्हा पुस्तकाचं पान नऊ मोठ्याने वाचत होती, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं.

नवीन जागा, नवीन टेप. तेरा वेढे. शून्य. पण आता योग्य जागी शून्य.

२८ फेब्रुवारी, रविवार

ही सकाळीच फ्लाइंग क्लबला गेली. हिचं लायसन्स तीन वर्षांपूर्वी झालं. घरात एकाकडे तरी असावं, कागदोपत्री सोपं पडतं. मुख्य वैमानिक मी, ही राखीव.

माझं लायसन्स कामाच्या रगाड्यात मागे पडलंय. एक धडा झाला आहे. त्या धड्यात मी डोळे मिटून घेतले होते, कारण इंजिनाचा आवाज बारकाईने ऐकायचा होता. मास्तर म्हणाले, आवाज खाली उतरल्यावरही ऐकता येईल, आता डोळे उघडा आणि माझा गुडघा सोडा. शिकवण्याची पद्धत जुनाट. म्हणून दुसरा धडा घेतला नाही.

पुढच्या महिन्यापासून नियमित. मेडिकलचा फॉर्म काढून ठेवलाय. कुठे ठेवलाय ते बघायला पाहिजे.

७ मार्च, रविवार

अठरा वेढे. एवढ्या वेढ्यांत मी एकदा अख्ख्या शाळेची टाकी गळायची थांबवली होती. इथे शून्य.

कारणं: १. सेन्सर सदोष. २. वायर सदोष. ३. हवा दमट. ४. ही सारखी पुस्तक घेऊन फिरते, त्याने मन विचलित होतं.

सेन्सर जिथून मागवला त्या दुकानदाराला फोन लावला. बराच वेळ ऐकून घेतलं त्याने. मग एवढंच विचारलं की आट्यांना काय लावलंय. मी म्हटलं, ते मला शिकवू नका, चोवीस वर्षं मी हेच करतोय, आणि फोन ठेवला. आजकाल दुकानदारांना मालाची माहिती नसते.

हिला सगळं सांगितलं. ही एवढंच म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. म्हण जुनी आहे आणि इथे लागू पडत नाही. अंगण मी तपासलंय.

१२ मार्च

स्क्रीनवर एका वेळी तेरा आकडे दिसतात. त्यात उंचीचा सगळ्यात मोठा. गॅरेजमध्ये तो जागचा हलत नाही, तरी बघितला की हात सीटची कड धरतो. म्हणजे, लक्ष विचलित होतं. चिकटकागद लावून सगळे आकडे झाकले. फक्त इंधनाचा चौकोन उघडा ठेवला. एकाग्रता हाच उपाय.

१६ मार्च, सायंकाळी ६.४५

जिंकलो.

डॅशबोर्डखाली डोकं घालून वायर चाचपत होतो. कोपर स्क्रीनच्या दोन बटणांवर एकदम टेकलं. स्क्रीन काळा झाला, परत लागला आणि चौकोनात आकडा: ४.८. हिरवागार. मध्ये मध्ये ४.९ होतो, परत ४.८. नाडी चालल्यासारखा.

गॅरेजमध्ये एकटाच नाचलो. पंखाला डोकं आपटलं. परत नाचलो.

म्हणजे सेन्सर चांगला होता, वायर चांगली होती, टेप तर उत्तमच होती. हवा दमट होती, ती आज कोरडी झाली.

६.५५

आत्ता लक्षात आलं की पंप चालूच केला नव्हता. तरी ४.८. जोड इतका पक्का झालाय की एकदा आलेला दाब बाहेर पडायलाच जागा नाही. असं काम खात्यातल्या लोकांना बघायला बोलवावं.

१८ मार्च

खबरदारी म्हणून टाकीतलं सगळं पेट्रोल काढलं. इन्स्पेक्टर येण्याआधी नळ्या आतून कोरड्या बघायच्या होत्या. टाकी ठणठणीत रिकामी. आकडा ४.८.

सासूबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, सिलिंडर संपला की शेगडी विझते, मग याचं कसं काय. मी त्यांना अवशिष्ट दाब समजावून सांगितला. वीस मिनिटं लागली. हा शब्द मी आजच तयार केला असला तरी कल्पना पक्की आहे. त्या म्हणाल्या, तुम्ही म्हणताय तर असेल. आणि मग, अठ्ठावन्न.

२१ मार्च, रविवार

हिला बघायचं होतं. येऊ दिलं नाही. इन्स्पेक्टरांसमोर सगळ्यांना एकदमच धक्का द्यायचाय. ही म्हणाली, धक्का बसेलच. हिला माझ्यावर विश्वास आहे, फक्त दाखवता येत नाही.

शुक्रवारी खात्यात चहाच्या वेळी छोटंसं भाषण केलं: 'दाब: पाण्यापासून आकाशापर्यंत'. मीटर विभागातल्या दोघांना झोप लागली. रात्रपाळी करून आले होते.

२९ मार्च

शर्टला इस्त्री. बूट पुसले. आकडा बघून आलो. ४.८. आज चौदा दिवसांत एकदाही खाली आला नाही. माझा स्वतःचा आकडा इतका स्थिर नसतो.

सासूबाईंनी उड्डाणासाठी स्वेटर काढून ठेवलाय. वर गार असतं म्हणाल्या. पॉलिशची डबीही मागून नेली.

३० मार्च, सकाळी १०.१५

इन्स्पेक्टर आले. वक्तशीर, बारीक, गळ्यात टॉर्च. रजा टाकून मी दारात. ही दुकानात. सासूबाई खुर्ची घेऊन गॅरेजच्या तोंडाशी.

१०.५०

जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे नंतर कुणी वाढवून सांगायला नको.

मी आकडा दाखवला. ते म्हणाले, पंप बंद करा. मी म्हटलं, बंदच आहे. ते म्हणाले, मग टाकीचा कॉक बंद करा. मी म्हटलं, टाकी रिकामी आहे. त्यांनी एकदा आकड्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी अवशिष्ट दाबावर येणार, तेवढ्यात त्यांनी नखाने माझा चिकटकागद काढला.

विमान साडेतीन हजार फुटांवर होतं. वेग एकशे दहा. दिशा ईशान्य.

इन्स्पेक्टरांनी गॅरेजच्या दारातून बाहेर वाकून बघितलं. बाहेर शेजाऱ्यांची सायकल होती. मग त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, तुम्ही उतरवता की मी उतरवू.

कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'डेमो' लिहिलेलं होतं. दुकानात गिऱ्हाइकाला स्क्रीन कसा दिसतो ते दाखवायची सोय. दोन बटणं एकदम दाबली की चालू होते. दोन आठवडे मी सिनेमा बघत होतो.

साडेतीन हजार हा आकडा इतक्या जवळून बघितल्यामुळे मला खाली बसावं लागलं. गॅरेजच्या जमिनीवर. इन्स्पेक्टरांनी पाणी आणून दिलं. माणूस चांगला आहे.

मग त्यांनी डेमो बंद केला, मी पंप चालू केला. शून्य. जुनंच, ओळखीचं, स्थिर.

ते विमानतळावर दुसऱ्या कामाला गेलेत. चार वाजता परतताना पाच मिनिटं थांबतील. तेव्हाही शून्य असलं तर पुढची तारीख थेट सप्टेंबरात.

११.०५

सासूबाईंना सप्टेंबर सांगितलं. आत गेल्या, काट्यावर उभ्या राहिल्या, परत आल्या. अठ्ठावन्न म्हणाल्या आणि खुर्चीवर बसून राहिल्या. स्वेटर मांडीवर.

मला वाईट वाटलं. इथे दुसरं कुणी वाचत नाही, म्हणून लिहितो: फार वाईट वाटलं. आठ वर्षं या बाईने केकला नाही म्हटलंय.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, हिला बोलवा. बोलावलं. दुकान दहा मिनिटांवर आहे. ही सहा मिनिटांत आली.

१२.३०

हिने सेन्सर बाहेर काढला आणि टेपकडे बघत उभी राहिली. मग पान सहा उघडून माझ्या हातात दिलं. ठळक अक्षरांत होतं: टेप वापरू नये.

मला उभ्याउभ्याच समजावलं. या सेन्सरला वायर एकच. वीज जाते वायरीने आणि परत येते त्याच्या पितळी अंगातून, ज्या धातूत तो बसवलाय त्या धातूला चिकटून. मी त्याच्या अंगाला अठरा वेढे रजई गुंडाळली. जितकी टेप जास्त, तितका स्पर्श कमी. तीन वेढ्यांना थोडंफार लागत होतं, म्हणून आकडा येत-जात होता. तो थांबावा म्हणून मी वेढे वाढवत गेलो.

म्हणजे एका अर्थाने वेढ्यांचा परिणाम होत होता, हे मी म्हणालोच होतो.

हिने टाके उसवायच्या हत्याराने टेप काढायला घेतली. एकेक वेढा, आट्यांत एक तंतू राहू न देता, कारण तो तंतू पेट्रोलबरोबर वाहत जाऊन कुठेतरी आडवा बसला तर वर असताना इंजिन बंद. हे हिने अगदी सहज सांगितलं. मी पुन्हा बसलो.

सासूबाई टॉर्च धरून उभ्या. मी टेप गोळा केली. बाजूला ठेवलेली पुडी मीच शोधून दिली. त्यात पेट्रोलला टिकणारं मलम होतं. पहिले दोन आटे सोडून पुसट लावायचं. एवढंसं. माझ्या मते कमी, पण बोललो नाही.

१.१०

एकूण अडतीस मिनिटं. माझा अंदाज पंचेचाळीसचा होता. अंदाज चुकला नव्हता.

टाकीत पेट्रोल घातलं. पंप चालू: ४.६. पंप बंद: आकडा घरंगळत खाली, शून्य. शून्य बघून ही खूश झाली, सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. फेब्रुवारीपासून मी हेच शून्य दाखवत होतो, तेव्हा टाळी पडली नाही.

४.२०

पास.

इन्स्पेक्टरांनी पंप तीनदा चालू-बंद केला. टॉर्चने जोड बघितला, बोटाने खालून चाचपला, कोरडा. मग वही काढून विचारलं, हे कुणी बसवलं. जो बसवतो त्याचंच नाव लिहितात. मी घसा खाकरला. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. हिचं नाव लागलं.

खाली 'देखरेख' असा रकाना असतो का, विचारलं. नसतो.

जाताना ते म्हणाले, शिवण सुंदर आहे पंखांची. ही लाजली. लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली, मी लाजताना दुसऱ्यांदा बघितलं.

११ एप्रिल, रविवार

विमान ट्रकवरून विमानतळावर गेलं. पंख काढून, गादीत गुंडाळून. रिकाम्या गॅरेजमध्ये उगाच दोन चकरा मारल्या. आठ वर्षं संध्याकाळी कुठे जायचं हा प्रश्न मला पडला नव्हता.

आता तिथे हिची दोन शिलाई मशीन येणार. बल्ब लागेलच. स्टूल आधी.

१८ एप्रिल, रविवार

राखीव वैमानिकाने पहिला तास पूर्ण केला. मुख्य वैमानिक जमिनीवर. कुणीतरी जमिनीवर लागतंच. मी वॉकीटॉकी धरून उभा होतो, बूट पॉलिश केलेले.

चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा मी खाली बघत होतो. बुटाची नाडी सुटली होती. नंतर बघितलं तर सुटली नव्हती.

१६ मे, रविवार

दहा तास पूर्ण. इंजिन गरम नाही, गळती नाही, दाब एकदाही लाल नाही.

हिने गंभीरपणे विचारलं, पुढच्या रविवारी आईला नेते, त्याआधी एक फेरी तुम्ही येता का, विमान तुमचं आहे. मी म्हटलं, सासूबाईंना शब्द दिलाय, पहिल्या प्रवासी त्याच. शब्द म्हणजे शब्द. रात्री झोप छान लागली.

२३ मे, रविवार

सासूबाई पंच्याहत्तर. अठ्ठावन्न किलो दोनशे ग्रॅम, स्वेटरसकट.

विमानाजवळ पोहोचलो. त्यांनी दार उघडलं, सीटवर हात फिरवला आणि मागे सरकल्या. मला म्हणाल्या, जावईबापू, आधी तुम्ही बसा. आठ वर्षं तुमची. मी नंतर जाईन, मला आता काही घाई नाही.

एवढं खाणं सोडून थांबलेली बाई. दारात पोहोचून मागे सरकली.

मी म्हटलं, माझं वजन एक्याऐंशी, कागदावर अठ्ठावन्न आहे. ही आतून म्हणाली, गणित केलंय, चालतं. मी म्हटलं, गुडघा दुखतो. सासूबाई म्हणाल्या, चालायचं नाहीये, बसायचंय. मी म्हटलं, मेडिकलचा फॉर्म. ही म्हणाली, प्रवाशाला लागत नाही.

कारणं संपली. माझ्याजवळ एवढी थोडी होती हे मला माहीत नव्हतं.

मग सांगून टाकलं की मला उंचीची भीती वाटते. मोठ्याने. धावपट्टीच्या कडेला. आवाज जरा चिरकला.

सासूबाई म्हणाल्या, ते आम्हाला पहिल्यापासून माहीत आहे, तुम्हाला कळायची वाट बघत होतो. आणि माझ्या गालाला हात लावून सीटवर चढल्या. उडी मारूनच जवळजवळ.

चाकं जमिनीवरून सुटली. या वेळी नाडी बघितली नाही. वर बघितलं. विमान छोटं होत गेलं, पंखांवरची शिवण दिसेनाशी झाली. मानेला रग लागेपर्यंत बघत होतो. वॉकीटॉकीवर आधी हिचा आवाज आला, दाब ४.६. मग सासूबाईंचा: इथून माणसं फार लहान दिसतात, पण तुम्ही ओळखू येताय, तोंड उघडं आहे.

रडलो. ऊन डोळ्यांवर होतं, तरी रडलोच.

उतरल्यावर त्यांनी केकचा तुकडा घेतला. मग दुसरा. मग डबाच जवळ ओढला.

२४ मे, सकाळी ११.२०

नवा अध्याय. भीती म्हणजे काय, सरावाचा अभाव. मोठ्या गोष्टी लहान पायरीपासून सुरू होतात. रजा टाकली. ठरवलं: आज बल्ब.

स्टूल तपासलं. चारही पाय सारखे. जमीनही सपाट. डुगडुगत नाही. कधी डुगडुगत होतं असं वाटत नाही.

सासूबाई स्टूल धरायला आल्या. एका हाताने धरलं, दुसऱ्या हातात कालचा केक. आज काटा एकोणसाठ म्हणाल्या, आवाजात आनंद होता. मी चढलो. एकदम, न थांबता. बल्ब काढला, नवा बसवला, फिरवला. टेप लावली नाही.

सासूबाईंनी बटण दाबलं. उजेड पडला.

उंची दीड फूट. वरून गॅरेज प्रशस्त दिसतं. हवा चांगली आहे. उतरायची तशी घाई नाही. सासूबाईंनी दोनदा हात पुढे केला, पण केकचा हात चिकट आहे, आणि स्टुलावरून उतरण्याचं तंत्र वेगळं असतं, त्याचा आधी अभ्यास करायला हवा. म्हणून रोजनिशी आणि पेन वर मागवून घेतलं. ही नोंद इथूनच लिहितोय.

त्या आता खुर्ची आणून समोर बसल्या आहेत. हिला फोन केलाय म्हणाल्या.

ही एक वाजता जेवायला घरी येते.